कुंडलं तडकलं, घुमट सैल पडलं: वाचकांचे मातीचे प्रश्न

गोव्यात मातीचं भांडं अजून पुरतं अडगळीत गेलेलं नाही. हुमणाला, म्हणजे माशांच्या कालवणाला, कुंडलं हे रांधायचं मातीचं भांडं; चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घुमट हे कातडं चढवलेलं मातीचं वाद्य; दिवजोत्सवाला दिवज हा दांड्याला पणत्या जोडलेला दिवा; काजूच्या हंगामात दारूच्या भट्टीवर लावणी, म्हणजे वाफ गार करायचं मडकं. वर्षभरात कशाला ना कशाला कुंभाराची आठवण होतेच. या वेळच्या पत्रांत सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगरपट्ट्यातून आलेले प्रश्न जास्त आहेत आणि निम्म्याअधिक पत्रांत एकच तक्रार आहे: भाजताना फुटलं. अशा वेळी सगळे आव्याला, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीला, बोल लावतात. तडा बहुतेक वेळा मातीत किंवा वाळवणात आधीच पडलेला असतो, आगीत तो फक्त उघडा होतो. खालची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न (डिचोली): आमच्या शेतात निळसर-काळी चिकण माती लागते. ती भांड्यांना चालेल का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? टेकडीवरची तांबडी माती वापरली तर?

उत्तर: तांबड्या मातीचं आधी सांगून टाकू. ती एकटी चालत नाही. जांभ्याची झीज होऊन ती झालेली असते. तिच्यात लोह भरपूर, पण चिकटपणा कमी. मुठीत दाबली तर गोळा होतो, वळी करायला घेतली की मोडते. तिचा उपयोग रंगापुरता. बादलीभर पाण्यात ती कालवा, जाड कण खाली बसू द्या, वरचं गढूळ पाणी पातळ फडक्यातून गाळून घ्या आणि निवळू द्या. तळाशी साईसारखा जो गाळ उरतो, त्याचा हात ओलसर भांड्यावर फिरवला की भाजल्यावर छान तांबडं अंग येतं.

शेतातली माती भात कापून झाल्यावर काढा. वरचा वीत-दीड वीत थर बाजूला करा, त्यात मुळं आणि कुजका पालापाचोळा असतो. खालच्या मातीचा काळा-निळा रंग बघून बिचकू नका. पाण्याखाली हवेवाचून राहिलेल्या मातीतलं लोह तसंच दिसतं, भाजल्यावर ती तांबडी होते.

आता परीक्षा. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. भेग पडली नाही तर माती भांड्याजोगी आहे. मग काचेची बरणी एक तृतीयांश मातीने भरा, वर पाणी घाला, हलवा आणि एक दिवस तशीच ठेवा. रेती लगेच तळाशी बसते, त्यावर गाळ, सर्वात वर चिकण. थरांची जाडी बघितली की मातीत काय किती आहे ते समजतं. तिसरी परीक्षा सगळे टाळतात आणि तीच सर्वात महत्त्वाची. 14 सेंटिमीटर लांब, 4 रुंद आणि 1 जाड अशी पट्टी करा. तिच्यावर बरोबर 10 सेंटिमीटरची रेघ ओढा आणि पट्टी सावलीत वाळवा. रेघ 9.4 ते 9.2 वर आली तर ठीक. 9 च्या खाली गेली तर माती फार आकसणारी आहे, तिचं मोठं भांडं वाळतानाच तडकणार. अशा मातीच्या पाच घमेल्यांना एक घमेलं नदीची बारीक चाळलेली रेती घाला. त्याहून बरा उपाय म्हणजे फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या कुटून केलेला भुगा. तो एकदा भाजलेला असल्यामुळे आगीत पुन्हा हलत नाही. समुद्राची रेती मात्र नको, का ते पुढच्या उत्तरात आहे.

माती भिजवताना ओली ढेकळं पाण्यात टाकू नका. ती आधी कडक वाळवा, फोडा आणि मग भिजवा. कोरडं ढेकूळ पाण्यात आपसूक विरघळतं, ओलं दिवसचे दिवस तसंच राहतं. भिजली की चाळून घ्या, पाणी निथळू द्या, पायांनी तुडवा आणि ओल्या गोणपाटाखाली निदान दोन आठवडे मुरत ठेवा. मुरलेली माती चाकावर किती निमूट वागते, ते एकदा अनुभवलंत की ही वाट पाहणं जाचणार नाही.

प्रश्न (तिसवाडी): खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेताच्या, कडेची माती आणून पणत्या आणि छोटी बुडकुली केली. भाजून चांगली निघाली. पण आठ-दहा दिवसांनी अंगावरून टवके उडू लागले. प्रत्येक टवक्याखाली पांढरा ठिपका आहे. असं का झालं?

उत्तर: तो पांढरा ठिपका शिंपलीचा चुरा आहे. खाजनात भरती-ओहोटीचं पाणी येतं, त्यामुळे मातीत तिसऱ्या-खुब्यांचे बारीक तुकडे असतातच. आवा चांगला तापला की शिंपलीचा कळीचा चुना होतो. पुढे तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि वरची माती फोडून बाहेर येतो. पावसाळी हवेत हे आणखी लवकर घडतं.

माती आणताना एक वाळका तुकडा कुटून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर ती माती सोडून द्या. दुसरा इलाजच नसेल तर अगदी बारीक चाळणीतून गाळा आणि भाजलेली भांडी कोमट असतानाच पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. कण बारीक असतील तर चुना तिथल्या तिथे विरतो, मोठे असतील तर हा उपाय लागू पडत नाही.

खाजनाच्या मातीत मीठही असतं. वाळताना ते काठावर पांढऱ्या पापुद्र्यासारखं जमतं आणि भाजल्यावर तिथे रंग नीट बसत नाही. गोड्या पाण्याच्या शेतातली माती घ्या, दोन्ही कटकटी मिटतील.

प्रश्न (सांगे): गावातल्या मंडळाने खड्ड्यात आवा लावला होता. निम्मी भांडी फुटली, काहींवर काळे डाग पडले आणि दोन तर पाणी भरल्यावर विरघळून गेली. नक्की कुठे चुकलं?

उत्तर: तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे दोष आहेत, त्यांची कारणंही वेगळी. खापऱ्या टाकून दिल्या नसतील तर त्या घेऊन बसा.

अंगावरून गोल चकत्या उडाल्या असतील किंवा भांड्याचा चुराडा झाला असेल तर ती वाफ आहे. वरून कोरडं दिसणारं भांडं आत ओलं होतं. पाण्याची वाफ झाली, तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही. भांडं वाळलं का, हे डोळ्यांनी ठरवू नका. बुडाचा भाग गालाला लावा, गार लागला तर ओल आहे. आपल्याकडे दमट हवा असल्याने सावलीत आठवडा काढल्यावरही भाजण्याच्या दिवशी सकाळी भांडी दोन-तीन तास कडक उन्हात ठेवावी आणि गरम असतानाच आव्यात रचावी. जून ते सप्टेंबरमध्ये आवा न लावणं हेच शहाणपण.

काठापासून खाली उतरलेला तडा, ज्याच्या कडा थोड्या उघडलेल्या आहेत, तो वाळताना पडलेला असतो. काठ पातळ असल्याने आधी वाळून आकसला, बूड ओलं राहिलं, दोघांची ओढाताण झाली. काठावर ओलं फडकं गुंडाळून ठेवलं असतं तर वाचला असता. बुडात वळणदार, नागमोडी भेग असेल तर चाकावर बूड दाबलं गेलं नाही, असं समजा. आणि सुरीने कापल्यासारखा स्वच्छ, धारदार तडा असेल तर भांडं गरम असताना आवा उघडला गेला. हा शेवटचा दोष निव्वळ उतावळेपणाचा. संध्याकाळी विझलेला आवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडायचा नाही, मग बघायला सारा गाव जमला तरी.

पाण्यात विरघळलेली भांडी भाजलीच गेली नव्हती. मातीच्या कणांत बांधलेलं पाणी साधारण 450 ते 600 अंशांच्या दरम्यान सुटतं. त्याच्या अलीकडे आग थांबली तर मातीची माती राहते. भांड्याला 700 ते 850 अंश मिळायला हवेत. तापमापक नसतो तेव्हा रंग बघतात. अंधार पडल्यावर फटीतून डोकावलं असता भांडी मंद लाल दिसली तर 700 च्या आसपास, पिकल्या चेरीसारखी लाल दिसली तर 800 च्या आसपास. म्हणूनच मुख्य आग संध्याकाळी लागेल असा बेत आखावा.

रचना अशी करा. खड्ड्याच्या तळाशी वाळकी जाड लाकडं, त्यावर नारळाची सोडणं (वरची सालं) आणि चुडतं (वाळक्या झावळ्या). भांडी पालथी घाला, मोठी खाली आणि लहान वर. मध्ये फटी राहू द्या. फटींत सोडणं भरा, वरून फुटक्या खापऱ्यांचा थर द्या, मग भाताचं गवत आणि त्यावर पातळ चिखल. चिखलात चार-पाच ठिकाणी मुठीएवढी भोकं ठेवा. पहिले तीन ते चार तास नुसता धूर निघेल एवढीच धग हवी, ज्वाळा नको. भोकांतून येणारा धूर पांढरा आणि ओलसर असेल तोवर वाट बघायची. आरसा किंवा स्टीलचं ताट धुरावर धरा. त्यावर दव जमेनासं झालं की लाकूड वाढवा.

काळे डाग हा दोष नव्हे. जिथे भांडं जळणाला टेकलं आणि हवा पोचली नाही तिथे ते काळं पडतं. सबंध भांडं काळं हवं असेल तर आग शिगेला पोचल्यावर ओला पाला टाकून सगळी भोकं लिंपून टाकतात. मात्र खापरी मोडून बघा. बाहेर तांबडी आणि मध्ये काळा पट्टा असेल तर आग फार भरभर वाढली, मातीतला पालापाचोळा जळून जायला वेळच मिळाला नाही.

प्रश्न (म्हापसा): शुक्रवारच्या बाजारातून कुंडलं आणलं. पहिल्याच दिवशी गॅसवर तडकलं. कुंडलं गॅसवर चालत नाही का? ते कसं तयार करायचं? आणि शिवराकाला, म्हणजे शाकाहारी जेवणाला, वेगळं ठेवावं का?

उत्तर: चालतं, पण गॅसची ज्वाळा बुडाच्या एकाच वर्तुळावर आपटते. चुलीवर धग सगळ्या अंगाला लपेटून असते. म्हणून मधे लोखंडी जाड तवा किंवा जाळी ठेवा, ज्योत बारीक ठेवा आणि रिकामं कुंडलं कधीही तापवू नका. गोल बुडाला कोपरा नसल्याने ताण एका जागी साचत नाही, पण सपाट शेगडीवर ते डुगडुगतं. त्यासाठी लोखंडी कडं ठेवा.

विकत घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर घ्या, भसकट वाजलं तर आत केसाएवढी चीर आहे. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. आधी बारीक बुडबुडे सुटतील, ते थांबले की भांडं भरलं. दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवा. मग तांदळाचं धुवण किंवा पातळ पेज काठाच्या दोन बोटं खालपर्यंत भरा आणि अगदी मंद आचेवर तास-दीड तास उकळू द्या. खाली उतरवू नका, चुलीवरच निवू द्या. तांदळाचं सत्त्व छिद्रांत बसतं आणि पाझर थांबतो. हे दोन-तीनदा करा. शेवटी आतून-बाहेरून खोबरेलाचा हात फिरवला तर उत्तम.

पहिल्या आठवड्यात नुसती पेज, डाळ असलं शिजवा, मग नारळाच्या रसाचं हुमण. सोलांचा (कोकमांचा), चिंचेचा आंबटपणा बिनझिलईच्या भांड्याला काही करत नाही. बाजारात चकाकणारी रंगीत झिलई दिलेली मातीची भांडी मिळतात, त्यांत मात्र आंबट पदार्थ ठेवू नका. झिलईत शिसं असेल तर आंबटाने ते उतरतं.

गरम कुंडल्यात गार पाणी, आणि फ्रीजमधून काढलेलं कुंडलं थेट आचेवर, हे दोन्ही टाळा. ढवळायला करवंटीचा दवला घ्या, स्टीलच्या डावाने आतला थर खरवडतो. घासायला साबण नको, छिद्रांत बसलेला साबण पुढच्या हुमणात उतरतो. राख आणि काथ्या पुरेसा आहे. पावसाळ्यात बुरशी आली तर पाणी उकळून टाका, चुलीजवळ पालथं न घालता उघडं ठेवा आणि एकात एक भांडी घालून ठेवू नका.

शिवराकाला वेगळंच ठेवा. माशाचा वास मातीतून जात नाही, कितीही उकळलं तरी.

प्रश्न (मडगाव): मडक्यातलं पाणी एप्रिलपर्यंत गार लागत होतं, जून उजाडला तसं कोमट लागतं. मडकं जुनं झालं का?

उत्तर: मडकं ठीक असेल. पाणी छिद्रांतून बाहेर पाझरतं, वाऱ्याने सुकतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पावसाळ्याच्या तोंडावर हवेतच इतकी ओल असते की ते सुकतच नाही. मडकं खिडकीच्या वाऱ्यावर, ओल्या रेतीवर ठेवा, थोडा फरक पडेल. डिसेंबरातही गार होत नसेल तर छिद्रं क्षारांनी बुजली आहेत. बाहेरून काथ्याने कोरडं घासा आणि दोन दिवस कडक ऊन द्या. त्यानेही जमलं नाही तर नवं आणा, जुन्यात रोपं लावा.

प्रश्न (फोंडा): आमच्या आरतीच्या पथकाची घुमटं बकऱ्याच्या कातड्याची आहेत. चवथीच्या दिवसांत ती सैल पडतात. जुनी माणसं म्हणतात, घोरपडीच्या कातड्याला हा त्रास नव्हता. नवं कातडं घरी कसं चढवावं?

उत्तर: घोरपडीचा विषय आधी संपवू. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. मारणं, कातडं बाळगणं, विकणं, सगळा गुन्हा. 2019 मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली, तीही बकऱ्याच्या कातड्याने वाजणारं वाद्य डोळ्यांसमोर ठेवूनच घ्यायची. पूर्वीचं कातडं पातळ आणि घट्ट, म्हणून ते कमी सैलावायचं हे खरं. पण नीट निवडलेलं बकऱ्याचं कातडं पुरेसं वाजतं. ते मोठ्या बकऱ्याचं नको, करडाचं घ्या, आणि पाठीकडचं नव्हे, पोटाच्या बाजूचं पातळ. उजेडासमोर धरल्यावर बोटांची सावली दिसली पाहिजे.

आधी घुमटाचं मोठं तोंड तपासा. काठाला धार असेल तर बारीक दगडाने घासून गोल करा, नाहीतर ताणलेलं कातडं तिथेच चिरतं. केस काढलेलं, आतून खरवडलेलं कातडं रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी पिळू नका, निथळू द्या. तोंडापेक्षा चहूबाजूंनी चार बोटं जास्त ठेवून कापा. तोंडावर पसरा आणि काठाखालच्या खाचेत सुती दोरीचे सात-आठ घट्ट वेढे द्या. मग कडा खाली ओढा, पण क्रमाने नव्हे. पूर्वेची ओढली की पश्चिमेची, उत्तरेची की दक्षिणेची. एका बाजूने ओढत गेलात तर सुरकुती शेवटच्या टोकाला जमते आणि आवाज फाटका येतो. ओढ मध्यम ठेवा. ओलं कातडं वाळताना स्वतःच आकसतं, आधीच तबल्यासारखं ताणलंत तर कच्च्या भाजणीचं घुमट काठाला तडकतं. अशी घुमटं दरवर्षी फुटतात आणि दोष कुंभाराला लागतो.

वाळवण सावलीत, दोन ते तीन दिवस. उन्हात ठेवलं तर कडा आधी सुकतात आणि मधला भाग खळग्यासारखा बसतो.

पावसात सैल पडणं टळणार नाही, कातडं हवेतली ओल पितंच. आरतीआधी निखाऱ्यांपासून हातभर अंतरावर घुमट फिरवत शेका आणि अधूनमधून बोटाने वाजवून बघा. नाद वर चढला की थांबा. जास्त शेकलंत तर कातडं कडक होऊन फुटतं. आणि मागचं लहान तोंड विसरू नका. डाव्या तळव्याने ते किती झाकायचं, किती उघडायचं यावर निम्मा नाद अवलंबून असतो. पुष्कळदा कातडं ठीक असतं, तळवाच आळशी असतो.

प्रश्न (सत्तरी): काजूच्या भट्टीवरची मातीची लावणी फार घामेजते आणि सांध्यातून वाफ जाते. सिमेंटने लिंपावी का?

उत्तर: सिमेंट नको. माती आणि सिमेंट तापल्यावर सारखं फुगत नाहीत, तडा वाढत जाईल. भाणातून, म्हणजे काजूचा रस उकळायच्या भांड्यातून, येणारी वाफ लावणीत गार होते आणि बाहेरून तिच्यावर पाणी ओततात, त्यामुळे थोडा घाम येणारच. किती घाम चालेल हे वजनाने ठरवा. कोरडी लावणी तोला, रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. 5 किलोची लावणी 600-700 ग्रॅमने वाढली तर चांगली. किलोभर किंवा जास्त वाढली तर कच्ची भाजलेली आहे, त्यातून तुमची फेणी, म्हणजे काजूची दारू, झिरपते आहे.

सांध्याला ओली चिकण माती आणि कापडाची पट्टी आलटून पालटून तीन-चार थर द्या आणि दर खेपेला नवीन करा. तडा गेलेली लावणी मात्र त्याच दिवशी बाजूला काढा. त्या वाफेत दारू आहे आणि दोन हातांवर भट्टी पेटलेली आहे.

प्रश्न (काणकोण): घरी मातीची चूल घातली, पंधरा दिवसांत भेगा पडल्या. वारुळाची माती वापरावी असं सांगतात. ते बरोबर का?

उत्तर: बरोबर. वाळवीने कण कण जमवून लाळेने बांधलेली ती माती बारीक आणि घट्ट असते, खडा नावाला नाही. पण आपल्याकडे रोयण, म्हणजे वारूळ, ही सातेरी देवी मानतात. नांदतं वारूळ, आणि ज्याला कोणी फूल वाहतं असं वारूळ, त्याला हात लावायचा नाही. पडीक, पावसाने ढासळलेल्या वारुळाची माती उचला. आणि आधी काठीने चाचपा, रिकाम्या वारुळात नाग राहतो.

प्रमाण असं. तीन घमेली वारुळाची माती, एक घमेलं बारीक रेती, एक घमेलं भाताचं तूस आणि अर्धं घमेलं ताजं शेण. तूस आणि शेणातले धागे माती आकसताना तिला धरून ठेवतात. पुढे आगीत तूस जळून जातं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि भेग त्या पोकळीत येऊन थांबते. तुमच्या चुलीत बहुधा नुसती चिकण माती होती.

सगळं तुडवून तीन दिवस झाकून ठेवा. चूल एका दिवसात उभी करू नका. पहिल्या दिवशी वीतभर, ती अंगठ्याने दबेनाशी झाली की ओरखडे काढून पाणी शिंपडा आणि पुढचा थर चढवा. भिंत चार बोटं जाड ठेवा, पातळ केली तर धग बाहेर जाते. तोंड एक वीत रुंद पुरे. वर भांडं टेकायला तीन उंचवटे हवेत, चार नकोत. तिनावर कोणतंही भांडं डुगडुगत नाही. उंचवट्यांची उंची दोन बोटं. जास्त ठेवलीत तर ज्वाळा भांड्याला चुकवून निघून जाते. बाजूला वैल काढायचा असेल तर मधलं भोक थोडं वर चढतं ठेवा.

सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या. मग पहिले तीन दिवस फक्त चार काटक्यांची आग. बारीक भेगा दिसतीलच, त्या शेण-मातीच्या पातळ काल्याने रोज सारवा. आठवड्यातून एकदा सारवण चालू ठेवलं तर चूल वर्षानुवर्षं टिकते.

प्रश्न (पेडणे): दिवजोत्सवासाठी घेतलेलं दिवज तेल फार पितं आणि मधल्या दांड्यापासून एक पणती निखळली. उपाय?

उत्तर: दिवज आदल्या दिवशी दोन-तीन तास पाण्यात ठेवा, पुसून घ्या आणि मग तेल घाला. छिद्रांत पाणी बसलं की तेल कमी शोषलं जातं. निखळलेली पणती पुन्हा चिकटवून हातात घेऊ नका, पेटती वात अंगावर पडेल. कुंभाराला सांगायचं ते असं: दांडा आणि पणत्या सारख्याच ओलाव्याच्या असताना जोडा, दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ चिखलाने चिकटवा. वाळक्या दांड्याला ओली पणती लावली की ती आकसते आणि सांधा सुटतो.

प्रश्न (सासष्टी): पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, मीठ मातीच्या मडक्यात ठेवतो. मडक्याचं बाहेरचं अंग पापुद्र्यांनी सुटतं. का?

उत्तर: मिठागरातलं जाडं मीठ पावसात ओल पितं, खारं पाणी छिद्रांतून बाहेर येतं आणि तिथे सुकून मिठाचे खडे बनतात. ते वाढताना माती सोलून काढतात. भाजणी चांगली असली तरी हे होतंच. मिठाला चिनी मातीची बरणी ठेवा. मडक्यात सोलं, चिंच, सुकी मिरची, कुळीथ खुशाल ठेवा.

प्रश्न (धारबांदोडा): गावच्या राईत (देवराईत) जुने मातीचे घोडे आणि हत्ती पडलेले आहेत. काही फुटले आहेत. ते धुऊन, वॉर्निश लावून देवळात मांडावेत असा विचार आहे. आणि नवीन वाहायचे तर कसे करावेत?

उत्तर: जागचे हलवू नका. नवसाची वस्तू वाहिल्यावर ती राईची झाली, तिथेच ती झिजायची असते. हलवायचं कारण पडलंच तर आधी गावच्या मानकऱ्यांना विचारा. वॉर्निश तर मुळीच नको. आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात पापुद्रा मातीसकट सुटतो. शेवाळ असेल तर कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडा, आम्ल किंवा साबण लावू नका. शंभर वर्षांपेक्षा जुनी मातीची मूर्ती 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. तेव्हा कोणी विकत मागायला आलं तर सरळ नाही म्हणा, आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

नवीन करताना भरीव करू नका. हत्तीचं धड चाकावर पोकळ नळकांड्यासारखं काढतात, पाय वेगळे वळून थोडे घट्ट झाल्यावर जोडतात, मग सोंड आणि कान. जाडी कुठेही अंगठ्यापेक्षा जास्त नको. पोटाखाली करंगळी जाईल एवढं भोक ठेवा. धडात कोंडलेली हवा आणि वाफ तिथून निघते, आणि ते ठेवायचं राहिलं तर हत्ती आव्यात शेजारची चार भांडी घेऊन फुटतो. पाय सर्वात उशिरा वाळतात. म्हणून हत्ती आठवडाभर आडवा निजवून रोज कूस बदला, मगच उभा करा.